पाच प्राणांची ओळख : घरच्या घरी करायचा आठ आठवड्यांचा अभ्यास

आमच्या आजोबांचं जेवण सुरू व्हायला वेळ लागायचा. ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या हाताला चित्राहुती मांडायच्या, आपोशन घ्यायचं आणि मग भाताचे पाच इवले घास दाताला न लावता गिळायचे. प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा. पंचवटीतल्या जुन्या घरात आम्ही मुलं शेजारी बसून वाट बघायचो. पाची नावं कानावर पडून पाठ झाली होती, पण ती कुणाची, हे आजोबांना विचारायचं राहून गेलं. तिशी उलटल्यावर प्राणायाम चुकीच्या टोकाने सुरू केला, तब्येत बिघडवून घेतली, आणि तेव्हा ती नावं पुन्हा समोर आली. तोवर आजोबा नव्हते.

त्यानंतर जे हळूहळू समजत गेलं आणि रोज करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे : प्राण वाढवण्याच्या मागे लागण्याआधी तो आपल्यात कुठे कुठे, कोणत्या दिशेने चालतो ते ओळखायला शिका. या ओळखीलाच आठ आठवडे लागतात. ती झाली की पुढचा प्राणायाम सोपा होतो, आणि सुरक्षितही.

प्राण म्हणजे श्वास का?

आपल्या बोलण्यातच याचं अर्धं उत्तर आहे. कुणाचे प्राण कंठाशी येतात, कुणी पंचप्राण ओवाळून टाकतं, गणपतीच्या मूर्तीत आपण प्राणप्रतिष्ठा करतो. यातल्या कुठल्याही प्राणाला हवा म्हणता येत नाही. शरीराला जिवंत ठेवणारी, डोळ्याला बघायला लावणारी, अन्न पचवणारी, मल बाहेर टाकणारी जी चालना, तिला योगात प्राण म्हणतात. श्वास हे तिचं हाताला लागणारं टोक. विहिरीतली घागर दिसत नसली तरी दोर हातात असतो, आणि घागर भरली की रिकामी ते दोराच्या वजनावरून कळतं. श्वासाचं तसंच आहे.

प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषींकडे सहा जण प्रश्न घेऊन येतात. दुसरा प्रश्न विदर्भाच्या भार्गवाचा : शरीर धरून ठेवणाऱ्या शक्ती किती, आणि त्यात श्रेष्ठ कोण? वाणी, मन, डोळे, कान सगळे म्हणतात, आम्हीच. प्राण म्हणतो, स्वतःला पाच भागांत वाटून हे शरीर मी सांभाळतो. कुणाचा विश्वास बसत नाही. तेव्हा प्राण जरासा वर उठल्यासारखा करतो आणि त्याच्याबरोबर सगळ्यांनाच उठावं लागतं, मोहोळातला मधमाश्यांचा राजा उडाला की सगळ्या माश्या उडतात तसं. तो बसला की सगळे बसतात. तापातून उठलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

छांदोग्य उपनिषदात मनाला दोरीने बांधलेल्या पक्ष्याची उपमा आहे. पक्षी चारी दिशांना उडून बघतो आणि शेवटी जिथे दोरी बांधली आहे तिथेच येऊन बसतो. मनाची ती जागा म्हणजे प्राण. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात हेच थेट साधनेच्या भाषेत येतं : ‘चले वाते चलं चित्तं’, वायू हलला की चित्त हलतं. पुढचा सगळा अभ्यास याच नात्यावर उभा आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. प्राण मोजणारं यंत्र नाही. श्वासांची संख्या, नाडीचे ठोके, रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजता येतो; प्राण हा अनुभवाच्या पातळीवरचा नकाशा आहे. म्हणून कुठल्याही दुखण्यावरची औषधं या अभ्यासासाठी बंद करू नका. नकाशा म्हणून मात्र तो फार बारकाईने काढलेला आहे.

पाच वायू कुठे राहतात

पाच प्राणांनाच पाच वायूही म्हणतात. जुना श्लोक आहे : ‘हृदि प्राणो गुदेऽपानः समानो नाभिमण्डले। उदानः कण्ठदेशस्थो व्यानः सर्वशरीरगः॥’ छातीत प्राण, ओटीपोटाखाली अपान, बेंबीशी समान, गळ्यात उदान आणि अंगभर व्यान. यांच्या जोडीला पाच उपप्राण सांगतात. ढेकर देणारा नाग, पापण्या मिटणारा कूर्म, शिंक आणणारा कृकल, जांभई देणारा देवदत्त, आणि मेल्यावरही शरीर न सोडणारा धनंजय. उपप्राणांचा वेगळा अभ्यास करायची गरज नाही. जांभई आली की दाबू नका, एवढं पुरे.

सुरू करण्याआधी

उच्च रक्तदाब, हृदयविकार, फिट येणं, काचबिंदू, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण, यातलं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. ज्यांना एकाएकी घाबरायला होतं, छातीत धडधडतं, त्यांनी डोळे उघडे ठेवून अभ्यास करावा आणि मोजणी अजिबात ताणू नये. खाली दिलेल्या कशातही श्वास रोखून धरायचा नाही. कुंभक या आठ आठवड्यांत नाही.

जागा एकच ठरवा. गोधडीची चौपदरी घडी, त्यावर मांडी. गुडघे दुखत असतील तर पाठ सरळ ठेवणारी खुर्ची चालते, पाय मात्र जमिनीला टेकलेले हवेत. पोट हलकं हवं, पूर्ण जेवणानंतर चार तास गेलेले असावेत. रविवारी मिसळीला जायचं असेल तर अभ्यास आधी, मिसळ नंतर. वेळ रोज 20 मिनिटं. पहाट उत्तम, पण संध्याकाळी सहाला रोज बसणारा माणूस पहाटे आठवड्यातून दोनदा बसणाऱ्याच्या पुढे जातो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आणि एक वही. ही फार महत्त्वाची. पतंजलींच्या योगसूत्रांत प्राणायाम कसा पारखायचा ते तीन शब्दांत आहे : देश, काल, संख्या. वहीला हेच तीन रकाने करा. देश म्हणजे श्वास आज अंगात कुठे जाणवला. काल म्हणजे किती वेळ बसलात, श्वास किती लांब होता. संख्या म्हणजे किती श्वास, किती आवर्तनं. मी चौथा रकाना जोडला आहे : आज जीव कशात गेला आणि कशाने परत आला. ‘नाशिक रोडहून येताना द्वारकाच्या चौकात अडकले, डोकं भणभणलं. घरी येऊन झाडांना पाणी घातलं, बरं वाटलं.’ एवढी नोंद पुरते.

पहिला आठवडा : नुसतं बघणं

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून तळवे जमिनीला. एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास बदलायचा नाही. कोणता हात आधी वर येतो, कोणता हलतच नाही, श्वास सोडल्यावर पुढचा येण्याआधी थोडी विश्रांती आहे का, तेवढंच बघा. दहा मिनिटांनी उठून बसा आणि घड्याळ लावून एका मिनिटाचे श्वास मोजा. आत आणि बाहेर मिळून एक. निवांत बसलेल्या प्रौढ माणसाचे साधारण 12 ते 20 भरतात. जुन्या ग्रंथांत दिवसाचे 21,600 श्वास सांगितले आहेत. भागून बघा, मिनिटाला बरोबर 15 येतात. ज्यांनी हे लिहिलं त्यांनीही बसून मोजलंच असणार, असं मला हा हिशेब करताना दर वेळी वाटतं.

मग हाताच्या मागच्या बाजूवर नाकाने श्वास सोडून कोणती नाकपुडी जास्त मोकळी आहे ते बघा आणि लिहा. दिवसातून तीनदा पाहिलंत तर ती बदलताना सापडेल. योगात याला स्वर म्हणतात : डावा चंद्राचा, इडेचा, उजवा सूर्याचा, पिंगलेचा. इडा आणि पिंगला या प्राण वाहण्याच्या डाव्या-उजव्या वाटा, म्हणजे नाड्या. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1895 मध्ये नाकपुड्यांच्या या आळीपाळीचं वर्णन केलं. नाकाच्या आतल्या अस्तरातला रक्तपुरवठा एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, आणि काही तासांनी उलटतो.

या आठवड्यात कंटाळा येईल. ‘काहीच होत नाही’ असं वाटेल. तरी सात दिवस पूर्ण करा, कारण पुढच्या सगळ्या बदलांची तुलना याच नोंदींशी करायची आहे.

दुसरा आणि तिसरा आठवडा : सोडणं (अपान)

इथे दोन आठवडे थांबायचं, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथेच.

मी प्राणायामाला सुरुवात केली ती शहरातल्या एका मोठ्या हॉलमध्ये. पहिल्याच दिवसापासून शंभर जणांबरोबर जोरात भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा भराभर श्वास. डोकं हलकं व्हायचं, बोटांना मुंग्या यायच्या, आणि ‘प्राण चढतोय’ असं सांगितलं जायचं. तीन आठवड्यांत माझी झोप गेली. रात्री दोनला छाती धडधडत जाग यायची. खरी गोष्ट अशी की जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि डोकं हलकं होणं, मुंग्या येणं ही त्याची लक्षणं. भस्त्रिका वाईट नाही. हठप्रदीपिकेच्या आठ कुंभकांत, म्हणजे प्राणायामाच्या आठ प्रकारांत, ती आहेच. पण तिच्याआधी जे शिकायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच ग्रंथात बजावलं आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे तसाच वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो.

पुढे ज्या बाईंकडे मी शिकले त्यांनी पहिल्या दिवशी माझा श्वास बघितला आणि म्हणाल्या, ‘अगं, तू घेतेस खूप, सोडतच नाहीस. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठं ओतणार?’ सहा आठवडे त्यांनी मला फक्त श्वास सोडायला लावलं.

अपान खाली वाहतो. मल, मूत्र, पाळी, बाळंतपण, जे जे शरीराने वेळेवर सोडायला हवं ते त्याच्या हाती. अपान बिघडलेला माणूस ओळखू येतो : पोट साफ नाही, जबडा आवळलेला, खांदे कानांकडे चढलेले, आणि कालचं भांडण आजही डोक्यात. म्हणून सुरुवात इथून.

कृती अशी. पहिल्या आठवड्यासारखंच झोपा. नाकाने तीन अंक मोजत श्वास घ्या, चार मोजत सोडा. सोडताना पोट ढकलायचं नाही; माठ जमिनीवर ठेवताना आपण जसा अलगद टेकवतो तसा श्वास खाली टेकवायचा. सोडून झाल्यावर पुढचा श्वास आपणहून येईल, त्याला ओढू नका. चार दिवसांनी तीन आणि पाच. तिसऱ्या आठवड्यात बसून चार आणि सहा. रोज 30 श्वास, मग पाच मिनिटं शवासन.

मोजणी बरोबर आहे की नाही याची खूण एकच : सोडल्यानंतरचा श्वास हपापून घ्यावा लागला तर तुम्ही जास्त ताणलंत, एक अंक कमी करा. आकडा वाढवायची शर्यत लावू नका. वर्षभर चार-सहावर राहिलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांची झोप शांत आहे.

बसल्या बसल्या मनगटावरची नाडी बघा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. तरुणपणी हा फरक ठळक असतो, वयानुसार कमी जाणवतो. सोडण्याचा काळ लांबवला की शरीर विश्रांतीच्या बाजूला झुकतं ते यामुळे. बोटाखाली हे पहिल्यांदा सापडलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते.

याच पंधरवड्यात दोन साध्या गोष्टी धरा : शौचाचा वेग आला की कामासाठी तो दाबायचा नाही, आणि रात्री अंथरुणात पाठ टेकल्यावर चार-सहाचे दहा श्वास. पाळीच्या दिवसांत मोजणी सोडून द्या, नुसतं झोपून बघणं चालू ठेवा.

चौथा आठवडा : बेंबीशी (समान)

प्रश्नोपनिषद म्हणतं, समान हा अन्नाला सारखं वाटून देतो, म्हणून त्याचं नाव समान. घरात वाढणाऱ्या बाईसारखा तो : कुणाच्या पानात जास्त नाही, कुणाचं पान रिकामं नाही.

बसून दोन्ही तळवे बेंबीवर. श्वास घेताना तळवे पुढे, सोडताना मागे. आता मोजणी समसमान, चार आणि चार, पंधरा श्वास. त्यानंतर चार-सहाचे पंधरा. लक्ष बेंबीच्या मागे, पाठीच्या कण्याकडे. काही दिवसांनी तिथे ऊब जाणवते, कुणाला पोट गुरगुरताना ऐकू येतं. दोन्ही ठीक.

पण समानाचा खरा अभ्यास पानावर आहे. रोजच्या एका जेवणात पहिले पाच घास न बोलता, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून खा. आजोबांसारखं स्वाहा म्हणायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. घास मोजा म्हणजे झालं. रात्रीचं जेवण आठच्या आत आटोपलं तर सकाळचा श्वास वेगळा असतो, याची नोंद तुमच्या वहीत आपोआप येईल. ताटावरून उठताना पोटात थोडी जागा राहिली पाहिजे.

पाचवा आठवडा : छाती, डोळे, कान (प्राण)

पाचांपैकी एकाचं नाव पुन्हा प्राणच आहे. घराण्याचं नाव एकाच मुलाला ठेवावं तसं. त्याचं काम आत घेण्याचं. प्रश्नोपनिषद त्याची जागा डोळे, कान, तोंड आणि नाक अशी सांगतं. म्हणजे श्वासच नव्हे, आपण डोळ्यांनी आणि कानांनी जे जे आत घेतो तोही प्राणाचाच व्यवहार. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच मोबाइलवर शंभर गोष्टी बघणारा माणूस दिवस उजाडण्याआधी किती खर्च करून बसतो, हे या एका ओळीवरून मला कळलं.

या आठवड्याचा नियम : उठल्यापासून पहिली 30 मिनिटं स्क्रीन नाही. बसल्यावर तळवे दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर ठेवा आणि श्वास बाजूला पसरू द्या, खांदे वर न जाता. पंधरा श्वास. मग डोळे मिटून फक्त ऐका. सर्वात लांबचा आवाज, मग जवळचा, मग स्वतःच्या श्वासाचा. पावसाळ्यात गंगापूर रोडने सोमेश्वरला जाऊन धबधब्याच्या आवाजात हे करून बघा. वाहत्या पाण्याशेजारी कान आपोआप मोकळे होतात. बाकीच्या दिवसांत ‘गंगेवर’ जा. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडावर गर्दी असेल तर थोडं पुढे घाटाच्या पायरीवर बसा.

सहावा आठवडा : गळा (उदान)

उदान वर नेतो. बोलणं, उभं राहणं, उमेद, आणि शेवटी प्राण बाहेर पडतात तेही उदानाच्याच वाटेने, असं उपनिषद सांगतं. प्राण कंठाशी आले म्हणतात ते इथेच.

भ्रामरी करा. अंगठ्यांनी कान हलके बंद करा, म्हणजे कानाच्या पाळीपुढचा छोटा उंचवटा आत दाबा. बोट कानात घालायचं नाही. नाकाने श्वास घ्या, ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, आणि सोडताना भुंग्यासारखा गुंजारव. आवाज मोठा नको, लांब हवा. कंपन आधी ओठांना, मग टाळूला, मग कपाळात जाणवेल. ते कुठे पोचलं हे ‘देश’ रकान्यात लिहा. सात वेळा. गुणगुणताना नाकातलं नायट्रिक ऑक्साइड नेहमीपेक्षा बरंच वाढतं हे मोजून पाहिलेलं आहे. कान दुखत असेल किंवा वाहत असेल तर हात खाली ठेवून नुसता गुंजारव करा.

यानंतर दिवसातला एक तास मौन. शिक्षक, वकील, दुकानदार, कीर्तनकार, ज्यांचं पोट बोलण्यावर आहे त्यांना याचा फरक सगळ्यात लवकर कळतो.

सातवा आठवडा : अंगभर (व्यान)

व्यान नाड्यांतून, म्हणजे प्राण वाहण्याच्या वाटांतून फिरतो. हृदयापासून 101 नाड्या, प्रत्येकीला 100 शाखा, प्रत्येक शाखेला 72,000 उपशाखा. प्रश्नोपनिषदातला हा हिशेब मूळ नाड्या आणि शाखा धरून बेरीज केली तर 72 कोटी 72 लाख 10 हजार 201 वर जातो. हठयोगात नुसता 72,000 चा आकडा रूढ आहे.

व्यान बसून सापडत नाही, हलून सापडतो. उभे राहा. श्वास घेत हात बाजूने वर, सोडत खाली, हाताची गती श्वासाच्या गतीशी जुळलेली. श्वास आधी सुरू होतो, हात मागून येतो. श्वास संपण्याआधी हात थांबतो. दहा वेळा. मग सूर्यनमस्कार येत असतील तर तीन, अगदी सावकाश. शेवटी शवासन, आणि पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवावर लक्ष. तळव्यांत झिणझिण किंवा ऊब जाणवेल. ती पकडून ठेवायचा प्रयत्न करू नका.

आठवड्यातून एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या तोंड मिटून, फक्त नाकाने श्वास घेत चढा. तोंड उघडावं लागलं तिथे थांबा, श्वास खाली बसू द्या, पुन्हा चढा. किती वेळा थांबलात ते वहीत. गुडघे साथ देत नसतील तर कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालतानाही हेच करता येतं. आंघोळीआधी कोमट तिळाच्या तेलाने तळवे, तळपाय आणि सांधे चोळणं हाही व्यानाचाच अभ्यास, थंडीत विशेष.

आठवा आठवडा : नाडीशोधन

आता पाचही एकत्र. पाठ सरळ. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे मिटा. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका डाव्या. अंगठ्याने उजवी बंद करून डावीने घ्या. डावी बंद, उजवीने सोडा. उजवीनेच घ्या. उजवी बंद, डावीने सोडा. हे एक आवर्तन. घेणं चार, सोडणं सहा. पहिले तीन दिवस पाच आवर्तनं, नंतर सात, आठवड्याअखेर नऊ. बोट नाकपुडीवर टेकवायचं, चिमटायचं नाही. कोपर थकला तर डाव्या तळहाताचा आधार द्या.

एक नाकपुडी बंदच असेल तर मोकळ्या बाजूच्या कुशीवर दहा मिनिटं झोपा, वरची नाकपुडी हळूहळू उघडते. सर्दीने दोन्ही चोंदल्या असतील तर त्या दिवशी नाडीशोधन सोडा आणि पहिल्या आठवड्याचा अभ्यास करा. झोप येत असेल तर रात्रीची झोप कमी पडते आहे. त्याचा दोष साधनेला देऊ नका. चक्कर, मुंग्या, छातीत दडपण यातलं काहीही आलं तर लगेच मोजणी सोडून साधा श्वास घ्या, आडवे व्हा. पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

नाशिकची हवा आणि हंगाम

डिसेंबर-जानेवारीत इथली पहाट बोचरी असते, निफाडकडे तर आणखी. उघड्या गच्चीवर बसू नका. खिडकी किलकिली ठेवून खोलीत बसा, कानाला रुमाल बांधा. शीतली आणि सीत्कारी हे थंडावा देणारे प्रकार या दिवसांत करायचे नाहीत, ते एप्रिल-मे साठी राखून ठेवा. पालापाचोळा जाळल्याचा धूर किंवा धुकं दाटलं असेल तर सूर्य वर येईपर्यंत थांबा. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड पट्ट्यातल्या वाचकांना एक कळकळीची विनंती : ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत औषध फवारणारा ब्लोअर फिरू लागला की सकाळी द्राक्षबागेच्या कडेला दीर्घ श्वसन करू नका. औषधाचा वास येतो तिथे लांब श्वास घेणं म्हणजे तेच खोलवर ओढून घेणं.

त्र्यंबकेश्वर आणि कुंडलिनी

शिकायला आलेले लोक तिसऱ्याच दिवशी कुंडलिनीबद्दल, म्हणजे कण्याच्या तळाशी सुप्त मानलेल्या शक्तीबद्दल विचारतात, आणि नाशिकमध्ये ते स्वाभाविक आहे. ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला अशी नाथपंथाची परंपरा आहे. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरलाच आहे, आणि त्यांनी ज्ञानेश्वरांना दिलेलं ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं रूप घेऊन उतरलं. पण तो अध्याय नीट वाचा. कुंडलिनी जागी होण्याआधी ज्ञानदेव बसायची जागा कशी असावी यावर किती ओव्या खर्च करतात! गीतेच्या त्याच अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागणं यांचं माप येतं. क्रम त्यांनीच घालून दिला आहे. समाधीच्या दर्शनाला जा, तिथे चार-सहाचे दहा श्वास शांतपणे घ्या आणि परत या. चमत्कार शोधत जाऊ नका.

आठ आठवड्यांनंतर

वहीची पहिली सात पानं आणि शेवटची सात पानं शेजारी ठेवा. मिनिटाचे श्वास, झोप, पोट, चौथा रकाना, सगळं ताडून बघा. ज्या वायूच्या आठवड्यात सर्वात जास्त अडलात, तो पुन्हा दोन आठवडे करा. बहुतेकांचा तो अपानच निघतो. त्यानंतर रोजचा क्रम : चार-सहाचे 20 श्वास, सात भ्रामरी, नऊ नाडीशोधन, पाच मिनिटं शवासन.

कुंभक, बंध (ठराविक स्नायू आवळून धरणं), भस्त्रिका यांच्याकडे वळायचं असेल तर समोर बसून शिकवणारा शिक्षक शोधा, व्हिडिओवर भागवू नका. पहिल्या भेटीत तो तुमचा रक्तदाब, झोप, जुनी दुखणी विचारतो का, ते बघा. तुमचा श्वास काही काळ नुसता बघतो का, आणि ‘काय झालं तर थांबायचं’ हे आधी सांगतो का, तेही बघा. विचारत नसेल तर पैसे भरू नका. विचारत असेल तर वही त्याच्यापुढे ठेवा आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवा.